पत्रा उघडा पडतो तेव्हा

कोलकात्यात जुनी गाडी रंगवायला नेली, की जाणता मिस्त्री रंगाचं कार्ड लगेच पुढे करत नाही. तो बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवत गाडीभोवती एक फेरी मारतो. आवाज खणखणीत आला तर तिथला पत्रा शाबूत, बद्द आला तर आत लांबी भरलेली. फेरी संपली की तो विचारतो, ‘वरूनच मारायचा, की जुना काढून?’ या प्रश्नाला आपण जे उत्तर देतो, त्यातून आपण किती खर्च करणार हे त्याला कळतं. आपल्या वस्तूबद्दलचं किती खरं ऐकायची आपली तयारी आहे, हेही कळतं.

आमची अँबॅसडर बाबांनी घेतलेली. मार्क फोर. नोकरीसाठी ते या शहरात आले आणि इथलेच होऊन राहिले. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासातला गणपती असो की पूजेतली मंडपांची रांग, सगळं आम्ही त्या गाडीच्या मागच्या सीटवरून पाहिलं. गाडी या मातीतलीच होती. हिंदुस्तान मोटर्स १९४२ साली गुजरातेत ओखा बंदराजवळ सुरू झाली आणि १९४८ मध्ये हुगळीकाठच्या उत्तरपाड्याला आली. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली अँबॅसडर तिथे १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून बनत राहिली. त्या कारखान्याच्या नावाने हावड्याहून निघणाऱ्या लोकलला ‘हिंदमोटर’ हे स्टेशनच मिळालं. २४ मे २०१४ रोजी कारखान्यातलं काम थांबलं, आणि तेव्हापासून प्रत्येक अँबॅसडर ही उरलेल्यांपैकी एक झाली. नवी मिळत नसेल तर आहे ती नीट राखावी लागते. जुना रंग काढण्याचा विचार तिथून सुरू होतो.

या कामाची सगळी बोलाचाली मल्लिकबाजारात होते. पार्क स्ट्रीट जिथे आचार्य जगदीशचंद्र बोस रोडला मिळतो, तिथला हा जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. बंद पडलेल्या मॉडेलचा दिवा, दाराची मूठ, बंपर, अख्खं दार, काहीही इथे शोधावं. जवळच ट्रामचा नोनापुकुर वर्कशॉप आहे, जिथे ट्रामच्या डब्यांची दुरुस्ती आणि रंगरंगोटी पिढ्यान्‌पिढ्या होत आली. मराठी माणसाला हा रस्ता आणखी एका कारणाने थबकायला लावतो. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालात उतरल्या तेव्हा भेदरलेल्या कोलकात्याने स्वतःभोवती खंदक खणायला घेतला. तो कधीच पुरा झाला नाही. पुढे तो बुजवून सर्क्युलर रोड आखला गेला, आणि त्याच रस्त्याच्या दक्षिणेकडच्या भागाला आज जगदीशचंद्रांचं नाव आहे. बंगालच्या घरांत बाळांना झोपवताना ज्या ‘बर्गीं’ची भीती घातली जाई, त्यांच्या भाषेत मी इथे गाडीच्या दाराच्या बिजागऱ्यांची यादी लिहिते. शहरंही रंगावर रंग चढवत जगतात. खालचा थर मात्र जात नाही.

जुना रंग काढायचे मार्ग तसे तीन-चार आहेत. पॉलिशपेपर पाण्यात बुडवून हाताने घासायचा. रिमूव्हर फासायचा, रंग सुरकुतून फुगला की पट्टीने खरवडायचा. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावायचा. हे सगळं सपाट भागावर चालतं. चाकांच्या कमानीची आतली बाजू, दिव्यांची खोबण, दोन पत्रे जिथे एकावर एक दुमडले आहेत ती कड, दाराखालची पट्टी, इथे ना हात पोचतो ना ब्रश. गंज नेमका तिथूनच सुरू होतो, कारण पाणी तिथे साचतं. अशा जागी दाबाखालच्या हवेबरोबर दाणे मारणं, म्हणजे ब्लास्टिंग, हाच उपाय उरतो.

ही युक्ती दीडशे वर्षांहून जुनी. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन चू टिलमन यांनी १८७० साली तिचं पेटंट घेतलं. सुरुवातीला काच धुरकट करणं, दगडावर अक्षरं कोरणं, असले तिचे उपयोग होते. तत्त्व साधं आहे. एक दाणा काहीच करू शकत नाही, पण कॉम्प्रेसरची हवा कोट्यवधी दाण्यांना एका बारीक नॉझलमधून बाहेर काढते, आणि प्रत्येक दाणा रंगाचा एक कण उडवून स्वतः फुटतो. पुलाच्या तुळईवर किंवा जहाजाच्या तळावर शंभर पौंडांच्या आसपासचा दाब चालतो. गाडीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. तिथे दाब निम्म्याच्याही खाली आणावा लागतो, नॉझल तिरका धरावा लागतो आणि एका जागी क्षणभरही थांबवून चालत नाही. पत्रा तापतो म्हणून वाकडा होतो असं अनेकांना वाटतं. मुख्य कारण निराळं असतं. दाण्यांच्या माऱ्याने पत्र्याचा वरचा थर ताणला जातो, खालचा तसाच राहतो, आणि पत्रा फुगतो. म्हणून बॉनेट, छप्पर, डिकीचं झाकण हे मोठे सपाट भाग समजदार कारागीर रिमूव्हरने आणि कागदाने काढतो. ब्लास्टिंग फक्त कडा, खोबणी आणि तळासाठी ठेवतो. कुठे जोर लावायचा नाही, हे या कामातलं पहिलं ज्ञान.

हावड्याच्या एका शेडमध्ये आमच्या गाडीचा सांगाडा उभा राहिला. तिथलं रोजचं काम ओतीव लोखंडाचं, शेजारच्या फाउंड्रीतून आलेले भाग साफ करण्याचं. गाडीसाठी त्यांनी वेगळा दाणा काढला होता, लालसर गार्नेट. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यात छत्रपूरजवळ समुद्राची वाळू गाळून जी खनिजं मिळतात, त्यांत हे गार्नेटही असतं. कारागिराने डोक्यावरून खांद्यापर्यंत येणारं शिरस्त्राण चढवलं. त्यात एका वेगळ्या नळीतून स्वच्छ हवा येत होती. मूठ हातातून सुटली की मारा आपोआप बंद पडेल, अशी कळ होती. मग कॉम्प्रेसर गरजू लागला आणि शेडच्या पडद्याआड सगळं धुळीत गेलं.

पडदा बाजूला झाला तेव्हा मला माझीच गाडी ओळखू येईना. ओल्या राखेसारखा एकसारखा करडा पत्रा. त्याला ना चकाकी, ना वय. उत्तरपाड्यात तो पहिल्यांदा प्रेसमधून दाबून निघाला, तेव्हा असाच दिसला असेल. त्यानंतर इतकी वर्षं त्याला कुणी असं पाहिलेलं नव्हतं. डाव्या बाजूच्या मागच्या दारापाशी चाचा, आमचे मल्लिकबाजारचे मिस्त्री, बसकण मारून बसले होते. दाराचा अर्धा भाग साफ करून अर्धा त्यांनी मुद्दाम ठेवायला सांगितला होता. ‘दिदी, हे बघा,’ म्हणाले. वर आमचा पांढरा. त्याखाली पिवळा. पिवळ्याखाली काळा.

हे दार टॅक्सीचं होतं. कोलकात्यात पूर्वी शहरापुरत्या परवान्याची टॅक्सी काळी-पिवळी असे आणि साऱ्या बंगालभर जाऊ शकणारी सबंध पिवळी. पुढे सगळ्याच पिवळ्या झाल्या. या एका दारावर तो बदल थराथरांनी लिहिलेला होता. आधी काळी, मग पिवळी, मग भंगारात निघून मल्लिकबाजार, आणि तिथून आमच्या पांढऱ्या गाडीला. बाबांनी कधीतरी ठोकर बसलेलं दार बदलून घेतलं असणार. घरात त्याचा उल्लेख कधी झाला नाही. मला त्या दाराचं वाईट वाटलं नाही, उलट त्याच्याबद्दल आदर वाटला. किती अनोळखी लोकांनी ते घाईत ओढून लावलं असेल. हावडा स्टेशन, शियालदह, पीजी हॉस्पिटल. किती जणांचं पोचणं आणि निघणं त्याच्या बिजागरीने सोसलं असेल. आमची गाडी फक्त आमचीच आहे, हा माझा समज त्या दाराने मोडला, आणि ते बरं झालं.

उघड्या पत्र्यावर बाकीचंही सगळं दिसलं. उजव्या कमानीत बोटभर लांबी होती. ती निघाल्यावर मागे पत्रा उरलाच नव्हता, नुसती जाळी. चालकाच्या पायाखालच्या तळाला गंजाने भोकं पाडली होती आणि रबराच्या चटईखाली ती वर्षानुवर्षं झाकली गेली होती. रंग असता तर हे सगळं आणखी काही पावसाळे झाकलेलं राहिलं असतं. चाचांनी खडूने एकेका भोकाभोवती गोल काढले. ‘आता काम करता येईल,’ ते म्हणाले. दोष सापडल्याने इतका निवांत झालेला माणूस मी क्वचित पाहिला आहे.

पण पत्रा असा उघडा ठेवून चालत नाही. ब्लास्ट केलेलं पोलाद इतकं निरागस असतं, की हवेतला ओलावाही त्याला पुरतो. काही तासांत त्यावर तांबूस झाक येते आणि सगळी मेहनत वाया जाते. या धंद्याचा नियम आहे. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग लावू नये, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सियसने जास्त असावं. कोलकात्यात आषाढ-श्रावणात या दोन्ही अटी पाळणं जवळजवळ अशक्य. म्हणून जाणते मिस्त्री असली कामं विश्वकर्मा पूजा आणि दुर्गापूजा उरकल्यावर, हवा कोरडी होऊ लागली की हाती घेतात. भोकांना नवा पत्रा जोडून झाला की तेवढा भाग पुन्हा हलक्या दाबाने मारायचा, खोबणीत अडकलेला दाणान्‌दाणा हवेने उडवायचा, आणि पत्र्याला उघडा हात न लावता त्याच दिवशी प्रायमर चढवायचा. हाताचा घामही तिथे ठसा सोडतो. माणसाचंही असंच असतं. कुणाला सोलून खरं बोलायला लावलं, तर त्याच दिवशी त्याच्यावर मायेचा हात फिरवावा लागतो. त्याला तसंच उघडं सोडून निघून जाणं हा गुन्हा आहे.

मग प्रत्येक जुनी गाडी अशी सोलावी का? याच शहरात या प्रश्नाचा विचार करायला लावणारी एक गाडी आहे. एल्गिन रोडवरच्या नेताजी भवनात वांडरर डब्ल्यू २४ ही जर्मन मोटार ठेवली आहे. १९४१ च्या जानेवारीत नजरकैदेतून निसटताना सुभाषबाबू तिच्यातून गोमोपर्यंत गेले. चालवायला पुतण्या शिशिरकुमार. त्या गाडीचं पुनरुज्जीवन करून जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ती पुन्हा लोकांसमोर आणली गेली. अशी गाडी हाताखाली आली की कारागिराने काय करावं? तिच्या अंगावरचा रंग नुसता रंग नसतो, तो पुरावा असतो. संवर्धनाचं काम करणारे लोक अशा वेळी आडबाजूला रुपयाएवढी जागा निवडतात आणि बारीक कागदाने हलके हलके घासत जातात, इतके हलके की प्रत्येक थराचं एकेक कडं उमटतं. ती कडी मोजून, त्यांचे रंग नोंदवून, मगच पुढचा निर्णय. दाण्यांचा मारा थरांत भेद करत नाही. काल मारलेला रंग आणि ऐंशी वर्षांपूर्वीचा रंग त्याला सारखाच. म्हणून मारा सुरू करण्याआधी थर वाचून घेणं हे माणसाचं काम आहे, आणि चाचांनी टॅक्सीच्या दारावर तेच केलं होतं.

मला इथे वणीच्या गडावरची सप्तशृंगी आठवते. शतकानुशतकं चढत गेलेला शेंदराचा लेप २०२२ मध्ये जाणकारांनी उतरवला. त्यासाठी मंदिर काही आठवडे बंद ठेवलं गेलं. थर निघाले तेव्हा दगडातल्या घडीव रेषा, आयुधं, अलंकार स्पष्ट झाले आणि नवरात्रात भाविकांनी देवीला त्या रूपात पाहिलं. ते काम हाताने झालं, धीराने झालं. पण शेंदराची आठवण मला आणखी एका कारणाने होते. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. हाच लाल पदार्थ तेलात कालवून पोलादावर पहिला हात म्हणून लावण्याची पद्धत जगभर होती. गंज रोखण्यात त्याचा हातखंडा. जुन्या पिवळ्या रंगांत शिशाचा क्रोमेट सर्रास असे. भारतात रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि तीही घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती. म्हणजे जुन्या गाडीचा रंग उडवताना जी धूळ उठते, तिच्यात शिसं असणार असंच धरून चालावं लागतं. ते पत्र्यावर होतं तोवर स्थिर होतं. आपण ते हवेत सोडतो.

आणि दाणा जर नदीची वाळू असेल तर त्याहून भयंकर. वाळू म्हणजे सिलिका. पत्र्यावर आपटून ती इतकी बारीक फुटते, की तिचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते नाकातल्या केसांना आणि घशातल्या ओलाव्याला चुकवून थेट फुफ्फुसाच्या तळाशी पोचतात. तिथे व्रण धरतो, व्रणाचा दगड होतो. सिलिकोसिस बरा होत नाही. काम सोडल्यावरही तो वाढत राहतो, आणि त्याच्या पाठोपाठ अनेकदा क्षय येतो. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी अशा साफसफाईत वाळू वापरायला बंदी केली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही सिलिकोसिस आणि शिशाची विषबाधा हे दोन्ही कळवणं सक्तीच्या रोगांच्या यादीत होते. पण त्या कायद्यातला ‘कारखाना’, यंत्र चालत असलं तरी, दहा कामगारांपासून सुरू होई. गल्लीतल्या गॅरेजात दोघं-तिघं असतात.

हे दूरचं दुःख नाही. २५ मे २००९ ला आयला वादळाने सुंदरबनच्या शेतांत खारं पाणी घुसवलं. पीक येईना, तेव्हा मिनाखाँ, संदेशखाली या भागांतले तरुण आसनसोल-जामुडियाच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत कामाला गेले. तिथे भट्ट्यांच्या अस्तरासाठी गारगोटी दळून पूड करत. काही वर्षांत ते धापा टाकत गावी परतले. क्षयाची औषधं घेऊनही बरे होईनात. मग सिलिकोसिसचं निदान झालं आणि एकामागून एक मृत्यू. मिनाखाँतलं गोआलदह हे गाव या आजाराने ओळखलं जाऊ लागलं. ही सगळी गावं उत्तर २४ परगण्यात, कोलकात्याला लागून असलेल्या जिल्ह्यात. त्यांनी गाड्या साफ केल्या नव्हत्या, पण ती धूळ हीच होती.

हावड्याची शेड ठरवण्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आले होते. दर निम्म्याहून कमी. अंगणात नदीच्या वाळूचा ढीग, आणि नॉझल धरलेला पोरगा विशीतला, तोंडाला ओला गमछा. गमछा मोठे कण अडवतो. मारक कण त्यातून आरपार जातात. मी त्याला विचारलं, खोकला येतो का? हसून म्हणाला, संध्याकाळी गूळ खातो, साफ होतं. हा समज कोलकात्यापासून कोल्हापूरपर्यंत प्रत्येक धुळीच्या कामात भेटतो, आणि तो माणसं मारतो. गूळ घशातून पोटात जातो. फुफ्फुसापर्यंत त्याची वाट नाही.

तिथला दर इतका कमी का, हे त्या अंगणात उभं राहिल्यावर कळत होतं. गार्नेट विकत आणलेलं नव्हतं, शिरस्त्राणाची हवा विकत आणलेली नव्हती, धूळ ओढून घेणारा पंखा नव्हता. त्या सगळ्याची रक्कम माझ्या बिलातून वजा झाली होती आणि त्या पोराच्या आयुष्यातून वसूल होणार होती. जुनी गाडी जपणं ही मी प्रेमाची गोष्ट मानते. बाबांच्या हाताने घासून गुळगुळीत झालेलं तिचं स्टिअरिंग मला बदलायचं नाही. पण ज्या प्रेमाचा खर्च तिसऱ्याच माणसाच्या छातीवर पडतो, ते प्रेम मला नको.

म्हणून जुनी गाडी हौसेने रंगवून घेणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोलकात्याचा असो की पुण्याचा, माझी कळकळीची विनंती आहे. रंगाची छटा ठरवण्याआधी शेडमध्ये जा. दाणा कोणता ते विचारा. वाळू असेल तर गाडी परत आणा. मारणाऱ्याच्या डोक्यावर हवा पुरवणारं शिरस्त्राण आहे का बघा. त्याच शेडमध्ये मदतीला उभा असलेला, झाडलोट करणारा पोरगा उघड्या तोंडाने वावरतो का, तेही बघा, कारण धूळ त्यालाही सोडत नाही. खाली पडलेला रंग झाडून गटारात जातो की गोळा होतो, ते विचारा. आणि या सगळ्याचे पैसे बिलात वेगळ्या ओळीत लिहून मागा, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकालाही कळेल की ते काम फुकट होत नसतं.

नवा रंग किती वर्षं टिकेल, ते खालचा पत्रा किती प्रामाणिकपणे उघडा केला यावर ठरतं. मिस्त्री हे नेहमी सांगतात आणि ते खरंच आहे. त्याच्या शेजारी आता आणखी एक माप मला ठेवावंसं वाटतं : पत्रा उघडा करणारा माणूस आणखी तीस वर्षांनी जिना चढताना धापा टाकणार नाही, अशी सोय आपण केली होती का? ज्या गाडीबद्दल याचं उत्तर ‘हो’ असं देता येतं, तीच नीट रंगवलेली गाडी.